जुन्या गाडीला पाना लावायचा की नाही? माझं मत बदललंय



मागच्या महिन्यात सकाळी पावणेसातला फोन वाजला. आपल्या बॅचमधल्या एक ताई. एमआयडीसीतल्या कामगारांना सकाळचे डबे पुरवतात. साठ डबे भरून व्हॅनमध्ये ठेवलेले, आणि चावी फिरवली की नुसतं 'टक्'. पुढे काहीच नाही.

"सर, मेकॅनिक दहाला येतो म्हणतोय. तोपर्यंत शिफ्ट आत जाईल. काय करू?"

मी म्हटलं, चावी बंद करा आणि बॅटरीची टर्मिनल हाताने हलवून बघा.

"एक हलतंय सर. वर पांढरं-हिरवं कायतरी साचलंय."

"दहा नंबरचा पाना आहे का घरात?"

नव्हता. शेजारच्या रिक्षावाल्या दादांकडे होता. त्यांनी टर्मिनल काढलं, चहाच्या पातेल्यातलं गरम पाणी ओतून घासलं, पुसलं, परत घट्ट बसवलं. सात वाजून पाच मिनिटांनी ताईंचा मेसेज आला, 'निघाले'. डबे पोचले.

आता मला लाज का वाटली ते सांगतो. याच ताईंना मी वर्गात काय शिकवलं होतं? "तुमच्या एका तासाची किंमत काढा. जे काम त्याहून स्वस्तात दुसरा करतो, ते त्याला द्या. गाडीचं काम मेकॅनिकला, हिशोब अकाउंटंटला, तुम्ही फक्त विक्री करा." फळ्यावर आकडे मांडून शिकवलं होतं. टाळ्याही पडल्या होत्या. आणि पावणेसातला तो सगळा हिशोब एका ढिल्या टर्मिनलपाशी येऊन थांबला. कारण पावणेसातला मेकॅनिक मिळतच नाही, मग त्याचा रेट कितीही स्वस्त असू दे.

तर आज स्वतःचंच म्हणणं दुरुस्त करतोय. ज्याचा धंदा जुन्या गाडीवर चालतो, त्याने पहिली दोन-तीन वर्षं त्या गाडीची काही ठराविक कामं स्वतः शिकलीच पाहिजेत. सगळी नाही, ठराविक. ती कुठली आणि कुठली अजिबात नाहीत, यावर माझं ठाम मत आहे. ते मत मला फुकट मिळालेलं नाही.

ट्रेनर होण्याआधी मी खारी, टोस्ट, नानकटाई बेकरीतून उचलून मिरजेपासून कवठे महांकाळ, जतपर्यंतच्या दुकानांना पोचवायचो. २००७ साली सेकंडहँड ओम्नी घेतली, १९९९ चं मॉडेल, कार्बोरेटरवालं. ओम्नी का? जी कारणं आजही लोक सांगतात तीच. मागची सीट काढली की टेम्पो, लावली की घरची गाडी. १९८४ ला 'मारुती व्हॅन' म्हणून आली आणि २०१९ पर्यंत बनत राहिली. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, मारुती ८०० च्या घराण्यातलं, त्यामुळे पार्ट तालुक्याच्या दुकानातही मिळायचे. आता ती गाडी माझ्याकडे नाही, पण तिची वही आहे.

त्या वहीबद्दल आधी सांगतो, कारण माझ्या मतामागचा हिशोब तिच्यात आहे. सुरुवातीला मी फक्त खर्च लिहायचो. तारीख, काम, रुपये. वर्षाच्या शेवटी बेरीज मारली आणि मेकॅनिक महाग पडतोय म्हणून कुरकुर केली. बायको म्हणाली, "गाडी बंद म्हणून घरी बसलेले दिवस कुठं लिहिलेत?" ते लिहिलेच नव्हते. आठवून आठवून मोजले, नऊ निघाले. लाइनवर गेलो की माझ्या हातात दिवसाला साधारण अकराशे रुपये मार्जिन पडायचं. म्हणजे जवळपास दहा हजार रुपये नुसते उभ्या गाडीने खाल्ले होते. शिवाय खारी मऊ पडली म्हणून परत आलेला माल वेगळाच. आणि त्या नऊ दिवसांची कारणं बघितली तर पाच दिवस अगदी फालतू गोष्टींनी गेलेले. एकदा टर्मिनल, एकदा फ्यूज, एकदा तुटलेला पट्टा, एकदा क्लचची केबल. आणि एकदा पंक्चर, जेव्हा स्टेपनीतही हवा नव्हती. (हसू नका. आज संध्याकाळी तुमच्या स्टेपनीची हवा बघा, मग बोलू.)

म्हणून 'मेकॅनिकचे पैसे वाचतात' या कारणासाठी मी दुरुस्ती शिका म्हणत नाहीये. तीनशे रुपये वाचवायला कुणी हात काळे करू नयेत. प्रश्न अकराशेचा आहे, आणि 'हा माणूस वेळेवर माल देत नाही' असं दुकानदाराच्या मनात एकदा बसलं की ते कुठल्याच वहीत भरून येत नाही.

आता माझी सगळ्यात महागडी चूक. गाडी गरम व्हायला लागली होती. एप्रिल महिना, जतच्या बाजूचं ऊन, मागे माल. बाजारातून हळू चाललं की काटा वर जायचा, मोकळ्या रस्त्याला लागलं की खाली यायचा. मी काय करायचो? गाडी थंड झाली की रेडिएटरमध्ये पाणी ओतायचो. कुठलं? जिथं थांबलो तिथल्या बोअरचं. दोन महिने हा उपाय चालला आणि मला वाटायचं, आपण गाडी सांभाळतोय.

खरं म्हणजे आजार कुठे आहे ते गाडीच सांगत होती. पळताना थंड आणि हळू चालताना गरम, याचा सरळ अर्थ असा की वाऱ्यावर रेडिएटर काम करतोय, पण वारा नसतो तेव्हा पंख्याने द्यायचा तो वारा मिळत नाही. म्हणजे पंखा फिरत नाहीये. याउलट हायवेवर वेगात असतानाच गरम झाली असती, तर संशय रेडिएटर चोकअप, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट यांच्यावर गेला असता. एवढी एक गोष्ट मला माहीत असती, तर मी बाजारात गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून, काटा वर गेल्यावर फक्त कान दिला असता. पंख्याचा आवाज येतो की नाही, बस.

नाही दिला. लग्नसराईतली ऑर्डर होती, चाळीस किलो नानकटाई आणि खारी. कवठे महांकाळच्या अलीकडे गाडीने मान टाकली. मागून पांढरा धूर, पाणी गायब, ऑइलच्या दांडीवर दुधाळ फेस. हेड गॅस्केट गेली होती. इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. फार तापलं की वाकतं, आणि मग हेड आणि ब्लॉकमधली गॅस्केट पाणी धरत नाही. हेड उतरवा, फेस करून घ्या, गॅस्केट टाका. गाडी आठ दिवस गॅरेजला. माल दुसऱ्याच्या टेम्पोतून उशिरा गेला आणि ते गिऱ्हाईक कायमचं गेलं.

मिस्त्रींनी काम संपल्यावर पंख्याच्या थर्मो-स्विचच्या दोन वायरी काढून एकमेकींना टेकवल्या. पंखा भर्रकन फिरला. म्हणजे मोटर चांगली, फ्यूज चांगला, स्विच मेलेला. "शेठ, दोन-अडीचशे रुपयांचा स्विच होता," एवढंच म्हणाले. मी खाली बघत उभा.

गरम होणाऱ्या गाडीबद्दल एवढं ध्यानात ठेवा. काटा लाल पट्टीकडे गेला की 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' म्हणायचं नाही, बाजूला घेऊन बंद करायची. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, म्हणजे नाहीच. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभर डिग्रीच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि ते उसळून थेट तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबा, मग झाकणावर जाड फडकं टाकून हळू उघडा. आणि बोअरचं पाणी नको. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, आपल्या घरच्या गीझरमध्ये बसतात तसेच. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, किंवा तयार मिसळलेलं मिळतं ते. अजून एक. कुणी 'थर्मोस्टॅट काढून टाकतो, गाडी गरमच होणार नाही' म्हणालं, तर हात जोडून नको म्हणा. मग इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त पितं आणि मूळ आजार तसाच झाकलेला राहतो.

बॅटरीचं काम सगळ्यांनी शिकावं, अगदी ज्यांना पान्याची भीती वाटते त्यांनीही. चावी बंद. टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट, आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. कारण साधं आहे. निगेटिव्ह गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं. ते लावलेलं असताना पॉझिटिव्ह सोडवताना पाना पत्र्याला टेकला, तर वेल्डिंगसारखी ठिणगी उडते. साचलेला चुरा गरम पाणी आणि खायच्या सोड्याने निघतो. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ द्यायचं नाही. कोरडं पुसून घट्ट आवळलं की वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. वीस मिनिटांचं काम आहे.

आणि एक मल्टिमीटर घ्या. साधा, तीन-पाचशेतला. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२.२ दाखवत असेल तर निम्मी उतरलीय. गाडी चालू केल्यावर तोच आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान जायला हवा. चालू गाडीतही साडेबाराच्या खालीच राहिला, तर दोष बॅटरीत नसून चार्जिंगमध्ये आहे. पट्टा ढिला असेल किंवा अल्टरनेटर गेला असेल. हे माहीत नसल्यामुळे किती जणांनी दुकानदाराच्या सांगण्यावरून नवी बॅटरी घेतलीय आणि पंधरा दिवसांनी तीही उतरलीय! तीन-चार हजार रुपये पाण्यात. नफा-तोट्याचं पत्रक वाचायला शिकवतो ना मी तुम्हाला? हे दोन आकडे त्याहून सोपे आहेत.

फ्यूजचं तर सांगायलाच नको. काच, हॉर्न, वायपर, पंखा यातलं एकच काहीतरी एकदम बंद पडलं की आधी फ्यूज बघायचा. ब्लेड फ्यूजला रंग असतात. लाल दहा ॲम्पियर, निळा पंधरा, पिवळा वीस. जो जळला त्याच आकड्याचा टाकायचा. नवा टाकल्यावर लगेच परत जळला तर थांबा, पुढे वायर कुठेतरी पत्र्याला टेकतेय, ते काम इलेक्ट्रिशियनचं. फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटची चांदी लावणारे महाभाग मी पाहिलेत. फ्यूज जळतो तो वायर जळू नये म्हणून. त्याला जळू द्या.

टायर बदलणं तुम्हाला येतं असं तुम्ही म्हणाल. शेवटचं कधी बदललं होतं? गॅरेजमध्ये गनने आवळलेले नट रस्त्यावर टॉमीने सुटत नाहीत, हा अनुभव पावसात येण्यापेक्षा रविवारी अंगणात येऊ दे. गाडी जॅकवर चढवण्याआधी नट अर्धा आटा ढिले करा, हँडब्रेक आणि गिअर टाका, समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावा. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका, मग काम एका मिनिटाचं का असेना. आतापर्यंत पडला नाही हे जॅकचं सर्टिफिकेट नव्हे.

वायपर ब्लेड, एअर फिल्टर, बल्ब, दांडी काढून ऑइल बघणं, हे तुम्ही एकदा बघून कराल, यावर शब्द घालवत नाही. फक्त हेडलाइटच्या बल्बच्या काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल लागलं की तो लवकर जातो. ओम्नीवाल्यांसाठी मात्र खास, सरकत्या दाराबद्दल. ते अडकतं म्हणून लोक पट्टीत ओंजळभर ग्रीस भरतात. त्या ग्रीसला धूळ चिकटते आणि महिन्याभरात घासपेपर तयार होतो. पट्टी आधी ब्रशने साफ करा, रोलर झिजलाय का बघा, मग अगदी थोडं वंगण. डिलिव्हरीच्या धंद्यात हे दार दिवसाला पन्नास वेळा उघडतं. गिऱ्हाइकासमोर दाराशी कुस्ती खेळणारा मालक चांगला दिसत नाही.

इथपर्यंत वाचून एखाद्याला वाटेल, सर आता म्हणणार की सगळंच स्वतः करा, व्हिडिओ बघा आणि लागा. नाही. आता दुसरी गोष्ट सांगतो, जी मी आजवर कुठल्याही व्हिडिओत सांगितली नाही.

हेडच्या प्रकरणानंतर मला जरा आत्मविश्वास चढला होता. दोन वर्षं टर्मिनल, प्लग, फिल्टर, क्लच केबल, सगळं स्वतः करत होतो. एकदा पेट्रोलची रबरी नळी कडक होऊन चिरलेली दिसली. रविवार, दुकान बंद. घरी पाण्याची एक पारदर्शक नळी होती, मापात बसली. दोन्ही टोकांना तार पिळून लावली. गाडी चालली, मी खूश. तीन-चार दिवसांनी आम्ही चौघं नरसोबाच्या वाडीला निघालो, तर बायको म्हणाली, "पेट्रोलचा वास येतोय." मी म्हटलं, जुनी गाडी आहे, येतो थोडा. ती काही ऐकेना. "मुलगी पुढं बसलीय. उतर आणि बघ."

ओम्नीचं इंजिन कुठे असतं? पुढच्या सीटखाली. सीट उचलली तर ती नळी पेट्रोलने मऊ पडून फुगली होती, तारेपाशी थेंब थेंब गळत होतं, आणि वीतभरावर तापलेला एक्झॉस्ट.

त्या जागेवर माझी मुलगी बसली होती. याहून जास्त मला लिहिता येणार नाही.

मिस्त्री एरवी कधी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी चढवला. पेट्रोलची नळी पेट्रोलसाठीच बनवलेली असते, तिला क्लिप लावतात, तार नाही. एरवी मी ज्याला 'जुगाड' म्हणून कौतुकाने सांगितलं असतं, ते हेच होतं. त्यानंतर मी एक रेघ आखली. काम हातात घेण्याआधी स्वतःला विचारायचं की हे माझ्याकडून चुकलं तर काय होईल? 'गाडी चालू होणार नाही' असं उत्तर आलं तर बिनधास्त करा. 'कुणाला इजा होईल' असं आलं तर पाना खाली ठेवा, मग काम कितीही सोपं दिसू दे. ब्रेक, स्टिअरिंग, पेट्रोलची लाइन, गॅस किट, आणि ज्याला गाडीखाली शिरावं लागतं ते सगळं, मेकॅनिकचं. टायमिंग बेल्टसुद्धा त्याचाच. त्यात एक दात चुकला तर इंजिनाचा खर्च निघू शकतो.

ब्रेकबद्दल तुमचं काम एवढंच की ऑइलची पातळी बघायची आणि पायाला काय जाणवतं ते ओळखायचं. पेडल मऊ लागतंय, खाली जातंय, गाडी एका बाजूला ओढतेय, तर त्या दिवशी डिलिव्हरी रद्द. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून पातळी बरोबर असली तरी ते जुनं झालं की बदलावं लागतं. सीएनजीवाल्यांनी सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट चुकवू नये. पाटीवरची तारीख आजच बघा.

मग काही जण विचारतात, "सर, आपण स्वतः करायला लागलो तर मिस्त्री नाराज होतील. मोठ्या कामाला उभं करणार नाहीत." माझा अनुभव उलटा आहे. पूर्वी मी जाऊन म्हणायचो, "गाडी बरोबर चालत नाही, बघा जरा." असं म्हटलं की मेकॅनिकला अर्धा दिवस शोधण्यात घालवावा लागतो, आणि त्याचे पैसे आपणच देतो. नंतर मी सांगायला लागलो, "थंड असताना ठीक आहे, गरम झाल्यावर चढाला झटके देते. तीन प्लगपैकी मधला काळा आहे, बाकीचे दोन विटकरी." मिस्त्रींनी माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघितलं आणि थेट त्या सिलिंडरच्या वायरीला हात घातला. वीस मिनिटांत काम. जो माणूस लक्षण सांगतो त्याचं बिल लहान होतं, आणि त्याला कुणी सहसा फसवत नाही. बदललेला जुना पार्ट परत मागा. भांडायला नाही, बघायला. कुठे झिजला, कसा तुटला, हे विचारा. बहुतेक मेकॅनिकना सांगायला आवडतं, विचारणारंच कुणी नसतं. आणि हो, फालतू कामांना त्यांना रस्त्यावर बोलवत नाही म्हटल्यावर खऱ्या अडचणीत ते लवकर येतात. माझे तरी यायचे.

नव्या गाडीवाल्यांसाठी थोडं. इंजेक्शनच्या गाडीत पंख्याच्या वायरी काढून टेकवण्याचा खेळ करू नका, तिथे कंट्रोल युनिट असतं. त्याऐवजी गाडीला ओबीडी सॉकेट असेल, तर मोबाईलला जोडायचा छोटा स्कॅनर घ्या. 'चेक इंजिन' दिवा लागला की कोड दिसतो. पण कोड म्हणजे निदान नाही. 'मिसफायर' असा कोड आला तर प्लग, कॉइल, इंजेक्टर, वायर यातलं काहीही असू शकतं. कोड बघून थेट पार्ट ऑर्डर करणारे लोक माझ्यापेक्षाही महागात पडलेत.

राहिला शेवटचा प्रश्न, जो सगळ्यात जास्त विचारला जातो. जुन्या गाडीवर किती दिवस खर्च करायचा? इथे वही कामाला येते. तिच्यात आता चार रकाने करा. तारीख आणि किलोमीटर, काम, रुपये, आणि गाडी किती तास उभी राहिली. दर तीन महिन्यांनी तासांचे रुपये करून बेरीज मारा. दुरुस्ती अधिक बुडालेला धंदा ही रक्कम दुसऱ्या चांगल्या गाडीच्या हप्त्याच्या जवळ यायला लागली, की भावनेत अडकू नका. पत्रा खालून कुजला असेल, दाराखालची पट्टी बोटाने दबत असेल, तर इंजिन कितीही गोड चालू दे, निर्णय घ्या. पंधरा वर्षं झालेल्या खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पाच-पाच वर्षांसाठी पुन्हा करावं लागतं, आणि आपल्याकडे ग्रीन टॅक्सही भरावा लागतो. तो खर्च वहीत आधीच धरा. आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीतून धंद्याचा माल नेत असाल तर विमा एजंटला आत्ताच स्पष्ट विचारून घ्या, क्लेमच्या वेळी नको. विकतानाही ती वही गिऱ्हाइकाच्या हातात द्या. माझी ओम्नी विकली तेव्हा घेणाऱ्याने पाच मिनिटं वही चाळली आणि घासाघीस न करता मी मागितलेल्या किमतीला होकार दिला.

परवा त्या ताई भेटल्या. व्हॅनमध्ये सीटमागे एक जुना स्टीलचा डबा ठेवलाय. त्यात दहा आणि बारा नंबरचा पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, वेगवेगळ्या आकड्यांचे फ्यूज, जुन्या साडीचा तुकडा, टॉर्च, एक जास्तीचा पट्टा, क्लचची केबल आणि मल्टिमीटर. मी विचारलं, "केबल बदलता येते का?" म्हणाल्या, "मला नाही सर. पण रस्त्यात तुटली तर जो मेकॅनिक मिळेल त्याला दुकान शोधत फिरायला नको." हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

स्टेपनीत हवा आहे का, विचारलं. हसल्या, आणि हवा भरायला पेट्रोलपंपाकडे वळल्या.